मुकीला माहीत नसलेली लाट

ऐक फक्त. मध्ये प्रश्न विचारू नकोस, कारण एकदा थांबलो की माझा वेग जातो, आणि ही सगळी गोष्टच वेगाची आहे.

डोळ्यांसमोर आण. एक बोट समुद्रात ताशी ऐंशीच्या वर किलोमीटरने सुसाट चाललीये आणि तिच्या मागे लाट नाही. बारीक आहे, कमी आहे असं नाही, नाहीच! पाणी असं गप्प पडलेलं, की आत्ता इथून कुणी गेलं यावर विश्वासच बसू नये. त्या बोटीच्या सुकाणूवर रुजुता मोंडकर. सत्तावीस वर्षांची, केस घट्ट बांधलेले, ओठ दातांखाली. समोर तिच्याच गावातल्या होड्या रांगेत चाललेल्या, आणि पहिल्या होडीत तिचे बाबा. आणि त्या होडीत एक गोष्ट उलटी होती.

कुठली, ते कळायला तुला आधी शेवरेबंदरला यावं लागेल.

शेवरेबंदर म्हणजे खाडीच्या तोंडाशी वसलेलं गाव. मागे डोंगर, पुढे समुद्र, आणि समुद्रात थोडं आत घोळीचा खडक. त्या खडकाच्या आडोशाला मासळी थांबते आणि गाव जगतं, इतकं साधं गणित. इथल्या होड्या उलांडीच्या. उलांडी म्हणजे होडीपासून हातभर लांब, दोन आडव्या वाशांना बांधलेला लाकडाचा ओंडका. तो पाण्यावर तरंगतो, त्यामुळे अरुंद होडीही कलंडत नाही. हल्ली ओंडका फायबरचा असतो, होडीला सोलरवरची मोटर असते, डोक्यावर मासळी शोधणारा ड्रोन घिरट्या घालतो, पण बांधणं तेच, काथ्याच्या दोरीने. आणि उलांडी कायम डावीकडे. कारण उजव्या बाजूने जाळं ओढायचं.

उजवीकडे उलांडी बांधतात ती एकाच वेळी. घरातलं माणूस गेलं की अस्थी सोडायला होडी जाते ना, तेव्हा. जाळ्याची बाजू बंद. आज मासे मारायचे नाहीत, आज नुसतं जायचं आणि यायचं. तशी होडी दिसली की किनाऱ्यावरचे लोक उभे राहतात, कुणी बोलत नाही.

रुजुता नववीत असताना त्यांच्या होडीची उलांडी उजवीकडे गेली. आईसाठी. सकाळी चुलीपाशी ती अचानक बोलायची थांबली, तोंड वाकडं झालं, मेंदूत रक्तस्राव. गाडी मिळाली, डॉक्टरही फोनवर होता, पण जिल्ह्याचं हॉस्पिटल घाटवळणांनी तीन तास. समुद्रावरून बघितलं तर तेच शहर जेमतेम चाळीस किलोमीटर, सरळ रेषेत! गाडीत आईचं डोकं रुजुताच्या मांडीवर होतं, आणि प्रत्येक वळणावर खाली समुद्र दिसायचा. सपाट, मोकळा. रस्ता वळतोय, वळतोय, आणि समुद्र तिथेच. तिने त्या दिवशी ठरवलं काय करायचं ते. दुसऱ्या मुली फॅशन डिझाइनला गेल्या, ही बोटीच्या डिझाइनला.

आता थोडं विज्ञान. जांभई देऊ नकोस, भारी आहे.

बोट पाण्यात चालली की लाट उठवते, पुढे एक आणि मागे एक. वेग वाढला की लाट लांब होते. होता होता ती बोटीएवढी लांब होते, आणि मग बोट आपल्याच लाटेच्या खड्ड्यात बसते. नाक वर, शेपूट खाली. स्वतःच उभ्या केलेल्या टेकडीवर ती आयुष्यभर चढत राहते. कितीही मोठं इंजिन लाव, निम्मी ताकद पाणी उचलण्यात जाते. उपाय काय? बोट बारीक कर, सुरीसारखी. सुरी पाणी कापते, उचलत नाही. पण सुरी उभी राहील का पाण्यावर? आडवीच पडणार. मग दोन सुऱ्या लांब धरून वरून जोडायच्या, किंवा तीन. मधे मोठी, बाजूला दोन लहान. रुंदी आली की तोल आला. उलांडी तरी दुसरं काय आहे?

आता खरी गंमत. तीन सुऱ्या म्हणजे बोटीची तीन अंगं, आणि तीन अंगं म्हणजे तीन ठिकाणांहून लाटा. एकीच्या उंचवट्यावर दुसरीचा उंचवटा आला की लाट दुप्पट. पण उंचवट्यावर खड्डा आला की? दोघी गायब! पाणी सपाट, आणि लाटेत वाया जाणारी सगळी ताकद वेगात. हे कागदावर सगळ्यांना माहीत होतं, अडचण एवढीच की एका वेगाला जुळवलं की दुसऱ्या वेगाला बिघडतं, आणि समुद्र तर दर मिनिटाला वेगळा. निरंजन सोहोनी नावाच्या पुण्याच्या इंजिनिअरने यावर तोड काढली. बाजूची दोन अंगं सरकत्या हातांवर बसवायची. ती सतत चार बोटं पुढे, दोन बोटं मागे, थोडी आत, थोडी बाहेर, लाट बघून सरकत राहणार. डोलकाठीवर लेझरचे डोळे आणि पोटात शिकणारा मेंदू. कंपनीने नाव ठेवलं 'निस्तरंग'. शेवरेबंदरने ठेवलं 'मुकी'. आवाज नाही, लाट नाही, मग काय म्हणणार?

या मुकीचा मेंदू शिकवला रुजुताने. दोन वर्षं ती आपल्याच गावच्या होड्यांच्या लाटा टिपत होती. कारण पंचेचाळीस नॉटला, म्हणजे ते ताशी ऐंशीच्या वर, बघून विचार करायला वेळच नसतो. मुकीला समोरची होडी ओळखून आधीच अंदाज बांधावा लागतो की हिची लाट कशी येणार. आणि उलांडीच्या होडीची लाट तिरपागडी. उजवीकडे स्वच्छ रेघ, डावीकडे ओंडक्याने चिरफाळलेली. मुकीला ते पाठ झालं. इतकं पाठ, की रुजुता सोहोनींना म्हणायची, "सर, धुकं असलं तरी ही बाबांना लाटेवरून ओळखते. मी सुद्धा नाही ओळखत."

"तुझ्या बाबांना सांग, पंचेचाळीस नॉटला मुजरा करून जाईल ती," सोहोनी म्हणायचे. माणूस वाईट नव्हता रे. पाच माणसांचा डबा स्वतः गरम करायचा, रुजुताला पहिली संधी त्यानेच दिली. आणि पहिल्या दिवसापासून मुकीत एक पलंग राखून ठेवला होता, पेशंटसाठी. अर्ध्या तासात हॉस्पिटल. त्या पलंगाची उशी रुजुताने आपल्या हाताने शिवली होती.

मग आला पट्टा.

पंचेचाळीस नॉटला मुकीच्या वाटेत जाळी, बोया, मधेच वळणारी होडी, काही म्हणजे काही चालत नव्हतं. बाजूने जाणाऱ्या होड्या चालतील, वाटेत नकोत. आणि खाडीतून शहराकडे जाणारी सरळ खोल वाट एकच, घोळीच्या खडकाला लागून. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तो पट्टा मुकीचा. गावाने दुसरीकडे जायचं.

रुजुता सोहोनींच्या केबिनमध्ये शिरली ती दार न वाजवता. "सर, तीस नॉट करा. तीसला तिला अंदाज बांधावा लागत नाही, बघून विचार करायला वेळ मिळतो. जाळी दिसतील, होड्या दिसतील, पट्टा बंद करायची गरजच नाही. हॉस्पिटलला पाऊण तास लागेल, इतकंच."

"तीस नॉटच्या बोटी जगात पैशाला पासरी आहेत, रुजुता."

"आमच्या गावात एकही नाही."

सोहोनी हसले, मग हसू विझलं. "स्वतःची लाट पुसून पंचेचाळीसने जाणारी बोट फक्त आपल्याकडे आहे. ती तीसला चालवली तर कोण येणार बघायला? कंपनी नाही राहिली तर तो पलंगही नाही राहणार, हे लक्षात घे."

म्हणजे बघ, स्वतःची लाट पुसणारी बोट, पण दुसऱ्याची लाट तिला खपत नाही.

घरी बाबा, भालचंद्र मोंडकर, गाव त्यांना भालूदा म्हणतं, जेवायला बसले होते. सोबत सुलू आते, बाबांची बहीण, बाजारात मासे विकून आलेली. सरकारने चाचणीची नोटीस काढली होती. शनिवारी परीक्षक येणार, मुकी गावच्या होड्यांच्या बाजूने पूर्ण वेगात जाऊन दाखवणार, गावाने रोजच्यासारख्या होड्या घेऊन हजर राहायचं. चाचणी पास झाली की पट्टा मंजूर.

"रोजच्यासारखे येवा म्हणतत," आते फणकारली. "म्हणजे आमच्याच मरणाक आमीच हजेरी लावची?"

बाबा भात कालवत शांतपणे म्हणाले, "नोटिशीत लिवलेला आसा, पर्यायी जागा देतले. पर्यायी मासे पण देतत काय गो, रुजू?"

"बाबा, रस्त्याने तीन तास लागतात. आईला..."

"आईचा नाव मधी आणू नको." आवाज चढला नाही, पण हातातला घास ताटात परत गेला. "तुझ्या आवशीक मी नेलंय. तिचा डोका तुझ्या मांडयेर होता, पाय माझ्या. माका सांगू नको तीन तास म्हणजे किती."

रुजुताने त्यांच्या ताटात आमटी वाढली.

मग बाबाच म्हणाले, "मी येतलंय शनिवारी. तुझी होडी बघूक येतलंय. पण रोजच्यासारखो नाय."

म्हणजे काय, ते तिने विचारलं नाही. आते ओट्यापाशी पाठ करून उभी राहिली, एवढं तिने बघितलं.

शनिवारी सकाळी समुद्र आरशासारखा. मुकीवर सोहोनी, दोन इंजिनिअर आणि सरकारी परीक्षक पाटणकर मॅडम, गळ्यात लाइफ जॅकेट, चेहऱ्यावर शून्य भाव. सुकाणूवर रुजुता. खाडीतून बाहेर पडल्या पडल्या तिने वेग चढवला. वीस. तीस. चाळीस. बाजूची अंगं सरसर सरकायला लागली, शिवणयंत्राची सुई चालावी तशी. पंचेचाळीस! मागे वळून बघितलं तर पाणी सपाट. पाटणकर मॅडमसुद्धा मागे बघून "अगं बाई" म्हणाल्या, हळूच.

आणि घोळीच्या खडकापाशी होड्या दिसल्या.

सगळ्या आल्या होत्या, एकही घरी नव्हती. मोटर अगदी मंद ठेवून एकामागून एक चालल्या होत्या, मिरवणुकीसारख्या, पण वाजंत्री नसलेल्या. पहिलीत बाबा ताठ उभे. शेवटच्या होडीत आते, आयुष्यात कधी होडीत न बसणारी आते! आणि प्रत्येक होडीची उलांडी उजवीकडे.

ते घोळीच्या खडकाची मयत घेऊन आले होते.

रुजुताला आधी रडू आलं. आणि त्याच क्षणी, डोळे भरलेले असतानाच, तिच्यातल्या इंजिनिअरला दुसरी गोष्ट कळली.

मुकीने उजवीकडे बांधलेली उलांडी कधी बघितलीच नव्हती.

कशी बघणार? दोन वर्षं लाटा टिपताना ज्या दिवशी कुणाची अस्थींची होडी निघायची, त्या दिवशी रुजुता रेकॉर्डिंग बंद करायची. ड्रोन खाली, लेझर झाकलेले, आणि स्वतः किनाऱ्यावर उभी. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तशा होडीवर कुणी कॅमेरा धरतं का? बाहेरून आलेला इंजिनिअर असता तर त्याने सरळ टिपून घेतलं असतं. हिच्या मनातच आलं नाही की आपण मुकीच्या मेंदूत भोक ठेवतोय.

मुकीने होड्या ओळखल्या. उलांडीची होडी, ठाऊक आहे, उजवीकडे स्वच्छ, डावीकडे चिरफाळलेली. तिने अंगं त्या हिशेबाने सरकवली, आणि लाट आली नेमकी उलटी. उंचवट्यावर खड्डा टाकायचा तिथे तिने उंचवट्यावर उंचवटा टाकला. धाड! बोट खालून कुणी लाथ घातल्यासारखी उडाली. डावं अंग पाण्याबाहेर! एक इंजिनिअर पाटणकर मॅडमच्या पायाशी जाऊन पडला. आणि तुला सांगतो, तीन अंगांची बोट उलटली ना, की उलटीच आरामात तरंगते, कधीच सरळ होत नाही. हे मुकीला पक्कं ठाऊक. तिने आपणहून ताकद तोडली, अंग थपकन पाण्यावर आलं, वेग घसरत घसरत बारावर. आणि मागे, पहिल्यांदाच, भलीमोठी लाट.

ती लाट होड्यांखालून गेली. होड्या वर झाल्या, खाली झाल्या, आणि उलांड्यांनी तोल सांभाळला. कुणी हललं नाही. बाबा तसेच ताठ.

"काय झालं?" सोहोनी ओरडले. "रुजुता! सेन्सर गेला का?"

"सेन्सर ठीक आहे."

"मग?"

आता बघ हं. तिच्या डाव्या हाताशी पडद्यावर एक खूण होती. आरसा. प्रयोगशाळेत तपासण्यासाठी त्यांनीच बनवलेली सोय, मुकीचा सगळा अंदाज डाव्याचा उजवा करणारी. एकदा बोट लावायचं, बस. मुकी उलांड्या उलट्या समजणार, परत फिरून पंचेचाळीसने गुळगुळीत निघून जाणार, चाचणी पास, सोमवारपासून पलंग चालू. कुणाचं रक्त सांडणार नाही. सोहोनींना सुचत नव्हतं, कारण त्यांना उलांडी डावीकडे की उजवीकडे हे दिसतच नव्हतं. दिसत होतं फक्त तिला.

बोट पडद्यापर्यंत गेलं सुद्धा.

मग तिने हात मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "सर, काय झालंय ते मला माहितेय. दुरुस्तही करता येईल, आत्ताच. मी करणार नाही."

सोहोनींना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"करणार नाही आणि सांगणारही नाही. तीस नॉटने परत नेऊन दाखवते. मॅडम, बघणार का?"

"रुजुता, ही चाचणी पंचेचाळीसची आहे! तू... तू माझी बोट आहेस का त्यांची?" रागात त्यांना बोट आणि माणूस वेगळं राहिलं नाही.

"मी त्यांची आहे. बोट आपली आहे, म्हणून तर तीसला चालवते."

पाटणकर मॅडमनी चष्मा पुसला. "चालवा."

तिने बोट वळवली. तीस. मुकी आता अंदाज बांधत नव्हती, बघत होती. उलांडी उजवीकडे का असेना, आलेली लाट बघायची आणि अंग सरकवायचं. ती होड्यांच्या अगदी जवळून गेली, एका बोयाला वळसा घातला, मागे जरा सुरकुती पडली, तेवढीच. बाबांच्या होडीजवळून जाताना रुजुताने वेग आणखी कमी केला आणि सुकाणू सोडून उभी राहिली. अशा होड्यांसमोर उभं राहतात ना, तशी. सोहोनी दातओठ खात बसले होते, पण पाटणकर मॅडम उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

"या वेगाला पट्टा बंद करावा लागेल?" त्यांनी विचारलं.

"नाही," रुजुता म्हणाली.

"तीस नॉटला ही नुसती एक फेरीबोट आहे," सोहोनी म्हणाले.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुला सांगितलीच नसती. टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. पण चाचणी नापास झाली, रुजुताची नोकरी त्याच दुपारी गेली, आणि मुकी शेडमध्ये जाऊन बसली. गाव पुन्हा घोळीच्या खडकावर जाळी टाकायला लागलं, उलांड्या परत डावीकडे. आते बाजारात ओरडून सांगायची, "आमच्या चेडवान मुकयेक बोलूक लावल्यान!" चेडू म्हणजे पोरगी. पण पलंगही शेडमध्येच होता ना.

आणि मागच्या महिन्यात आतेचा नातू माडावरून पडला. सात वर्षांचा. डोक्याला मार, शुद्ध येते-जाते. गाडी, घाट, वळणं. त्याचं डोकं रुजुताच्या मांडीवर, आणि खाली प्रत्येक वळणावर समुद्र. सपाट. मोकळा. पुढच्या सीटवर आते, एकदाही मागे वळून न बघणारी.

नेमका तेव्हा सोहोनींचा फोन आला. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. थकलेला आवाज. "रुजुता, आम्ही सगळं उघडून बघितलं. नाही सापडत, आणि कारण सांगितल्याशिवाय सरकार पुन्हा चाचणी घेऊ देत नाही. तू फक्त सांग काय ते. परवा पुन्हा चाचणी घेतो, सोमवारी बोट सुरू. पलंगासकट. तुला शब्द देतो."

मुलाने मांडीवर कण्हून मान हलवली. गाडीने वळण घेतलं.

"किती नॉट?" रुजुताने विचारलं.

"पंचेचाळीस. तुला माहितेय."

आता आते वळली. तिने फोनवरचं सगळं ऐकलं होतं. नातवाकडे बघितलं, मग रुजुताकडे. हो पण म्हणाली नाही आणि नको पण नाही.

"तीस," रुजुता फोनमध्ये म्हणाली. "तीस म्हणाल त्या मिनिटाला सांगते. रात्र असो, पाऊस असो, मी स्वतः येऊन दुरुस्त करते." आणि फोन ठेवला, आणि दोन्ही हातांनी त्या पोराचं डोकं घट्ट धरलं, म्हणजे पुढच्या वळणावर हलू नये.

पोरगं वाचलं. अजून चालताना एक पाय ओढतं. लवकर पोचलं असतं तर ओढलं नसतं का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. आते रुजुताशी बोलते, पण पूर्वीसारखी हाक मारत नाही. सोहोनींचा फोन पुन्हा आलेला नाही. मुकी शेडमध्ये आहे, आणि ती खूण पडद्यावर तशीच आहे, कुणीतरी बोट लावायची वाट बघत.

आता बोल. इतका वेळ गप्प बसवलं तुला. त्या गाडीत, त्या वळणावर, मांडीवर ते डोकं आणि कानाशी तो फोन असताना, तू काय केलं असतंस?